पंचहौदचा चहा आणि इंदोऱ्याचा चहा

उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आली की माझं पुस्तकांचं कपाट आवरलं जातं. म्हणजे आवरते मी, ती नुसती मध्ये फतकल मारून बसते आणि एकेक पुस्तक हातात घेऊन "आजी, हे काय आहे?" विचारत राहते. बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरचा घरघराट, आणि आत आमचा हा उद्योग. यंदा तिच्या हाती रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यांतील काही आठवणी' लागलं. मी बी.ए.ला असताना सीताबर्डीवरून जुनं म्हणून विकत घेतलेलं. पानं पिवळी पडलीत, पुठ्ठा दोऱ्याने शिवलाय. पोरगी इंग्रजी शाळेतली, मराठी अडखळत वाचते, पण वाचते. मला त्याचंच कौतुक.

मध्येच कुठेतरी तिला प्रायश्चित्ताची हकीकत लागली. हे काय म्हणून विचारलं, तेव्हा मी तिला पंचहौदच्या चहाची गोष्ट सांगितली. पस्तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे सांगायला लागले की थांबत नाही! सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आजी, ते तर जज्ज होते ना? मग घाबरले कुणाला?"

मी तिला काहीतरी उत्तर दिलं. पण रात्री झोप येईना. कारण प्रश्न रानड्यांबद्दल होता तरी लागला मला. का लागला, ते शेवटी सांगते. आधी ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी ती थोडी सविस्तर सांगते. आमच्या घरातली नवी पिढीही हे वाचते, आणि त्यांना 'पंचहौद' म्हटलं तर पाण्याची टाकी वाटायची.

तर, साल १८९०, ऑक्टोबर महिना. पुण्यात पंचहौद मिशन म्हणून ख्रिस्ती मिशनऱ्यांचं ठिकाण होतं, चर्च अजूनही आहे. तिथे व्याख्यानासाठी म्हणून पुण्यातल्या नामांकित मंडळींना बोलावणं गेलं. न्या. रानडे, टिळक, गोखले अशी चाळीस-पन्नास माणसं जमली. यामागे डोकं होतं गोपाळराव जोशी यांचं. हे म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. आनंदीबाई १८८७ साली वारल्या होत्या. गोपाळराव विलक्षण माणूस. सुधारकांची आणि सनातन्यांची, दोघांचीही फजिती करण्यात त्यांना सारखाच आनंद. कार्यक्रम संपल्यावर मिशनवाल्यांनी पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं ठेवली.

आता चहा ही काय भानगडीची गोष्ट आहे का? पण तेव्हा होती. ख्रिस्ती माणसाच्या घरचं पाणी, त्याच्या हातचं, त्याच्या भांड्यातलं. ते घेतलं की धर्म बुडाला. समोर कप आला तेव्हा त्या खोलीत काय झालं असेल, हे मी वर्गात शिकवताना नेहमी डोळ्यांपुढे आणत असे. सगळे शिकलेले. सगळे एकमेकांकडे बघत असणार. यजमानाचा अपमान करायचा नाही, आणि बाहेर कळायलाही नको. कुणी प्यायले, कुणी घोटभर घेऊन ठेवला, कुणी नुसताच हात लावला.

गोपाळरावांनी हजर असलेल्यांची यादी केली आणि 'पुणे वैभव' या सनातनी मंडळींच्या पत्रात छापवून आणली. यादीत प्यायलेले आणि नुसता हात लावलेले असा भेद नव्हता. गावभर बोभाटा झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्यांनी चौकशीला शास्त्री नेमले. १८९२ साली निकाल लागला : प्रायश्चित्त घ्या.

याला ग्रामण्य म्हणत. जातीचा कज्जा. मुलांना शिकवताना मला नेहमी सांगावं लागे की यात पोलीस नाही, तुरुंग नाही, दंडही फारसा नाही. मग माणसं इतकी का टरकत? तर श्राद्धाला भिक्षुक येत नाही. मुंज अडते. मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं. सासरी असलेली लेक माहेरी पाठवत नाहीत. पंगतीत तुमच्या शेजारचा पाट रिकामा राहतो. म्हणजे चहा प्यायला घरातल्या पुरुषाने, आणि त्याची झळ लागते ती आईला, बायकोला, उपवर मुलीला. ज्या त्या खोलीत नव्हत्याच. त्यातल्या कितीजणींना 'बिस्कीट' हा शब्दही माहीत नसेल.

टिळकांनी या प्रकरणात शास्त्राधार काढून वाद घातला आणि काशीला आपण प्रायश्चित्त घेऊन आलो आहोत असं दाखवलं. तरीही घरच्या कार्याला भिक्षुक मिळण्याची त्यांना अडचण झालीच. टिळकांच्या वागण्यात एक हिशेब होता : लोकांना बरोबर घेऊन जायचं तर इतकं पाळलं पाहिजे. पटो न पटो, तो त्यांनी कधी लपवला नाही.

रानड्यांचं तसं नव्हतं. (नातीची एक दुरुस्ती केली. ते तेव्हा हायकोर्टाचे न्यायमूर्ती नव्हते, १८९३ च्या अखेरीस झाले. पण सरकारी न्यायखात्यातले मोठे अधिकारी होतेच.) ते प्रार्थना समाजाचे. चहाने धर्म बुडतो हे त्यांच्या मनाच्या कोपऱ्यातही नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी दाद दिली नाही. घरातल्या बायकांचं अडू नये म्हणून त्यांनी पगार ठरवून भिक्षुकांची सोय केली. किती साधा उपाय! बहिष्कारातला निम्मा वारा यानेच निघून जातो. आणि मग, असं सगळं निभत असताना, १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं.

कारण काय, तर मित्र. बहिष्कारात सापडलेल्या इतरांकडे रानड्यांसारखा पगार नव्हता, हुद्दा नव्हता. घरी म्हातारे आईबाप कष्टी, मुलींची लग्नं खोळंबलेली. एकट्याने प्रायश्चित्त घ्यावं तर भित्रा म्हणून नाव होणार. माधवराव घेत असतील तर त्यांच्याबरोबर आम्हालाही घेता येईल, अशी त्यांची स्थिती. रानडे लोणावळ्याहून पुण्याला गेले आणि घेऊन आले. आपल्या हातून पाप घडलं असं वाटून नव्हे, मित्रांची सुटका व्हावी म्हणून. सुधारकांत त्यांची नाचक्की व्हायची ती झाली. ज्यांच्याकडे बघून तरुण मुलं धीर धरत होती त्यांनीच मान तुकवली.

आणि रमाबाईंना ते आवडलं नाही. त्यांनी तसं पुस्तकात लिहून ठेवलं आहे. नवऱ्यावर देवासारखी भक्ती असणारी ही बाई. पुस्तकभर त्यांच्याविषयी एक शब्द वावगा नाही. पण इथे मात्र लिहिते की मला वाईट वाटलं. मी बी.ए.ला होते तेव्हा त्या परिच्छेदावर पेन्सिलीने रेघ ओढली होती. ती अजून आहे. नातीने दाखवली.

तिला का वाईट वाटलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. या बाईने घरातच काय काय सोसलं होतं! इंग्रजी शिकते म्हणून सासरच्या बायकांनी टाकून बोलावं, सभेला गेली म्हणून शिवू नये, आणि नवऱ्याचा एकच सल्ला : सोसायचं, उलट बोलायचं नाही, पण आपलं सोडायचं नाही. तिने तो पाळला. वर्षानुवर्षं पाळला. आणि ज्याच्या शब्दावर पाळला त्यानेच एक दिवस सोडलं. चांगल्या हेतूने सोडलं, पण सोडलं.

रानड्यांच्या आयुष्यात ही काही पहिली वेळ नव्हती. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे आणि विधवाविवाहाच्या चळवळीतले. १८६९ साली मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या मंडळींनी पुनर्विवाह घडवून आणला, त्या गोतावळ्यातले. वडिलांना भीती पडली की हा आता विधवेशी लग्न करणार. त्यांनी घाईघाईने देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी ठरवून टाकली. रानडे नको नको म्हणत राहिले. वडील बधले नाहीत, आणि वडिलांना दुखवणं रानड्यांच्या स्वभावात नव्हतं. त्याच वर्षी लग्न झालं. घरात बहीण विधवा, स्वतः विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, आणि पाटावर शेजारी अकरा वर्षांची मुलगी. लोक काय काय बोलले असतील! विष्णुशास्त्र्यांनी पुढे स्वतः विधवेशी लग्न केलं, त्यामुळे तुलना तर होणारच.

ती अकरा वर्षांची मुलगी म्हणजेच रमाबाई. लग्न झाल्यावर लगोलग रानड्यांनी तिच्यापुढे पाटी ठेवली आणि मुळाक्षरं शिकवायला सुरुवात केली. आमच्या पाठ्यपुस्तकातून हे नेहमी कौतुकाने सांगितलं जातं, मीही सांगितलं. पण मला त्या पाटीत दुसरंही दिसतं. बापापुढे नमलेला माणूस रात्री बसून त्याची भरपाई करतो आहे. मी असं वर्गात कधी म्हटलं नाही. चौथीच्या पोरांना काय सांगणार!

इथे मला आमच्या नागपूरची एक गोष्ट आठवते. थोडं विषयांतर वाटेल, पण नाही. डिसेंबर १९२० मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. आजचं काँग्रेसनगर हे नाव त्यावरूनच. अध्यक्ष सेलमचे विजयराघवाचार्य, स्वागताध्यक्ष वर्ध्याचे जमनालाल बजाज, आणि चौदा हजारांवर प्रतिनिधी. तेव्हाचं नागपूर केवढं, त्यात एवढी माणसं! गांधीजींचा असहकाराचा कार्यक्रम पक्का करायचा होता. त्यापूर्वी सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला चित्तरंजन दासांनी त्याला विरोध केला होता. कलकत्त्याचा निर्णय नागपुरात फिरवायचा म्हणून त्यांनी पदरमोड करून बंगालमधून शेकडो प्रतिनिधी आणले. आणि झालं काय, तर असहकाराचा ठराव नागपुरात मांडला तो दासांनीच.

त्याच मंडपात जिना उभे राहिले. त्यांनी भाषणात "मिस्टर गांधी" म्हटलं. मंडप ओरडला, "महात्मा म्हणा!" एका शब्दाचा प्रश्न होता. तो शब्द टाकला असता तर पुढचं भाषण तरी लोकांनी ऐकलं असतं. हुर्यो झाली. जिना पुढे कुठे गेले हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यांचं मत त्या दिवशी बरोबर होतं असं मी मुळीच म्हणत नाही. न वाकणारा माणूस बरोबरच असतो असं थोडंच आहे! पण हजारो माणसं एक शब्द मागत असताना तो न देणं म्हणजे काय, हे मला त्या प्रसंगावरून समजतं.

दासांविषयी मुलं नेहमी विचारायची, "बाई, ते घाबरून फिरले का?" मी म्हणायची, पुढे काय केलं ते बघा. नागपूरहून गेल्यावर त्यांनी बॅरिस्टरी सोडली. अफाट मिळकतीची वकिली. मत खरंच बदललं की माणूस त्याचे पैसे स्वतःच्या खिशातून भरतो. नुसता वाकला असेल तर बिल दुसऱ्याच्या नावावर जातं. रानड्यांचं बिल थोडं स्वतःच्या अब्रूवर गेलं, थोडं रमाबाईंच्या नावावर. माझं...

हं. आता माझं सांगते.

१९७६ साल. मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. शाळेचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. आमच्या स्टाफरूममध्ये बायकांचा चहाचा वेगळा हिशेब असे. महिन्याला तीन रुपये वर्गणी. मधल्या सुट्टीत शिपाई किटलीतून चहा आणायचा आणि कपाटातले आमचे काचेचे ग्लास काढायचे. हिशेब ठेवायच्या एक मोठ्या बाई. वयाने मोठ्या, शिकवायला उत्तम, आणि नव्या मुलींवर जीव लावणाऱ्या. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण त्या काही दुष्ट नव्हत्या.

त्या वर्षी एक नवीन बाई रुजू झाल्या. इंदोऱ्याच्या. माझ्याच वयाच्या, गणित शिकवायच्या, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. नागपूरकरांना 'इंदोरा' म्हटल्यावर अधिक सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते : १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. त्यांच्याबरोबर लाखो लोक बौद्ध झाले, त्यातली पुष्कळ कुटुंबं उत्तर नागपुरातली. मी तेव्हा सहा वर्षांची. पांढरे कपडे घातलेल्या माणसांची रीघच्या रीघ रस्त्याने चाललेली मी वडिलांचं बोट धरून पाहिली आहे. वडील म्हणाले होते, "बघून ठेव." मी बघून ठेवलं.

नव्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात तीन रुपये काढून मोठ्या बाईंपुढे धरले. मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "अवो, या महिन्याचं दूध मोजून सांगितलंय नं, पुढच्या महिन्यापासून पाहू." पुढचा महिना कधी आला नाही. नव्या बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. घरून थर्मास आणायला लागल्या. खिडकीजवळ बसून प्यायच्या, वह्या तपासत. आम्ही टेबलाशी. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या धाकट्या भावाला नोकरी लागली. त्यांनी आम्हा चौघींना घरी बोलावलं. चेहरा इतका आनंदी होता की नाही म्हणणं कुणाला जमलं नाही. सायकलरिक्षात मोठ्या बाई मला हळूच म्हणाल्या, "जाऊन येऊ बाप्पा, पोरीचं मन मोडायचं नाही. पण घ्यायचं काही नाही हं. मी आपला उपवास सांगते." दुसरीने सांगितलं, मी आत्ताच जेवून निघाले. मला काही सुचेना. मी म्हटलं, "मी पित्त सांगेन."

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मला विटाळ वगैरे काहीही वाटत नव्हतं. बी.ए.ला होस्टेलवर सगळ्या जातींच्या मुलींबरोबर एका ताटात जेवलेली मी. घरी वडिलांनी असली शिवाशिव कधी चालू दिली नाही. परीक्षेत रानड्यांवर चार पानं लिहून आले होते, प्रायश्चित्ताबद्दल त्यांना चांगलं झाडलं होतं! त्या रिक्षात मला भीती होती ती एवढीच, की उद्या मधल्या सुट्टीत टेबलाशी माझी खुर्ची सरकवली जाईल का. डिंकाच्या लाडवांची बाई माझ्याशी पूर्वीसारखं बोलेल का.

घर छोटं, सारवलेलं अंगण, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. त्यांच्या आईने चहा केला. कप नवे होते. बशीखाली दुकानाच्या चिठ्ठीचा डिंक अजून चिकट होता, माझ्या बोटाला लागला. आमच्यासाठीच आणले असणार. मोठ्या बाईंनी उपवास सांगितला, दुसरीने पोट भरलंय म्हणून सांगितलं, तिसरीने काय सांगितलं आठवत नाही. मी कप उचलला, ओठाला लावला आणि मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मला पित्ताचा त्रास आहे ना, चहा चालत नाही."

रोज शाळेत दोन ग्लास पिणारी मी. त्या बाई खिडकीजवळून ते रोज बघत होत्या.

आई म्हणाल्या, "साखर कमी झाली का बाई?" मी म्हटलं, "नाही नाही, छान आहे." न पिताच छान! चारही कपांवर साय धरली. भाऊ पेढे घेऊन आत आला आणि कप बघून तसाच उभा राहिला. पेढा मात्र आम्ही घेतला. दुकानातला होता, बांधलेल्या पुड्यातला. आमच्या त्या नियमांना अक्कल होती असं समजू नका.

दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची जागेवर होती. ग्लास भरला गेला. मोठ्या बाईंनी आपल्या डब्यातली कोथिंबीरवडी मला वाढली. मी खाल्ली.

त्या बाई आणखी तीन-चार वर्षं आमच्याकडे होत्या, मग दुसऱ्या शाळेत गेल्या. माझ्याशी कधी वाकडं बोलल्या नाहीत. गणिताचा तास हवा असला तर अदलाबदल करायच्या. घरी मात्र पुन्हा कुणालाच बोलावलं नाही. पुढे काळ बदलला, नव्या मुली आल्या, चहाचा तो हिशेबच बंद पडला. मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी गेल्या. मी त्यांच्या तेराव्याला जेवून आले. आणि दर वर्षी जून ते मार्च मी 'समाजसुधारक' हा धडा मन लावून शिकवत राहिले. पंचहौदच्या खोलीतली ती माणसं, एकमेकांकडे बघणारी, नुसता हात लावणारी... मुलं म्हणायची, बाई, तुम्ही तिथे असल्यासारखं सांगता.

रानड्यांशी मी स्वतःची तुलना करते आहे असं कुणी समजू नका. त्यांनी मान तुकवली ती दुसऱ्यांच्या लेकींची लग्नं व्हावीत म्हणून. माझ्या मागे कुणाची लेक उभी नव्हती. एक खुर्ची होती. त्याच काळात, १८९३ साली, अण्णासाहेब कर्व्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, पुण्यात लग्न केलं, आणि त्यांच्या मुरुड गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. पोटच्या मुलाला घरात घेता येईना अशी त्यांच्या आईवर वेळ आली. कर्वे हटले नाहीत. पण मला हल्ली कर्व्यांपेक्षा मुरुडच्या त्या सभेला गेलेल्या माणसांचंच जास्त कुतूहल वाटतं. त्यांच्यातल्या कितीजणांना मनातून वाटत असेल की पोराने वाईट काय केलं? आणि शेजाऱ्याने हात वर केलेला पाहून त्यांनीही केला असेल? त्यांची नावं कुणी छापली नाहीत.

असो. शेवटचं एक राहिलं.

पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. हल्ली मोबाइलवरही होतो म्हणतात, पण माझा अंगठा काही त्या यंत्राला ओळखू येत नाही, म्हणून मी बँकेतच जाते. गेल्या नोव्हेंबरात रांगेत माझ्या पुढे एक बाई. केस पांढरेशुभ्र, हातात काठी. फॉर्मवरचं अक्षर बघितलं आणि ओळखलं. मोत्यासारखं. मी नावाने हाक मारली. त्यांनीही ओळखलं, अगदी लगेच. बाकावर बसून बोललो. मुलगी पुण्याला, नातू इंजिनिअर, भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमचं पित्त कसं आहे आता, बाई?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. थट्टा होती की साधी चौकशी, मला कळलं नाही. आता पंच्याहत्तरीला आम्हा सगळ्यांनाच पित्त आहे. मी म्हटलं, "मला पित्त नव्हतं." आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तेवढ्यात काउंटरवरून त्यांचं नाव पुकारलं. त्या उठल्या. जाताना मी म्हटलं, "मी येऊ का तुमच्याकडे एकदा? चहाला?"

"या ना," त्या म्हणाल्या. "पण आधी फोन करा. मी घरी असते नसते."

नंबर मी त्यांच्याचकडून पासबुकाच्या मागे लिहून घेतला. त्यांच्याच अक्षरात आहे. तो नोव्हेंबर होता, आता मे संपत आला. नातीला मी पंचहौदची गोष्ट सांगितली, ही सांगितलेली नाही. ती हे वाचेल तेव्हा विचारेल, आजी, तू घाबरलीस कुणाला? पासबुक टेबलावरच आहे. सकाळी अकराच्या सुमाराला केलेला बरा, त्या वेळी माणसं घरी असतात.